जयजयकाराचे मोल

परंडा तालुक्यातल्या सोनारी गावात चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. गुलालाने माखलेल्या गर्दीतून "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं" असा गजर उठतो, त्याला कुणाचा हुकूम लागत नाही. हा गजर पिढ्यानपिढ्या चालत आला आणि त्या पिढ्यांवर राज्य करणारे मात्र बदलत राहिले. बहमनी गेले, अहमदनगरची निजामशाही आली, मग आदिलशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे आसफजाही निजाम. प्रत्येकाने या मुलखातून सारा नेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाफार जयजयकारही आला. छत्र, चामर, अब्दागिरी, चोपदार, नजराणा हा देवाच्या पालखीपुढचा सगळा थाट राजाच्या दरबारातही होताच. त्यामुळे राजापुढे वाकायला रयतेला वेगळे काही शिकावे लागले नाही.

देवापुढे वाकणे ही श्रद्धेची बाब झाली. राजा मात्र माणूस असतो. तो सारा घेतो, फौज ठेवतो, माणसे तुरुंगात घालतो. त्याच्यावर लोकांनी केलेल्या प्रेमाचा हिशेब मागता येतो आणि मागितलाही पाहिजे. हा हिशेब मांडायला सोनारीइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. कारण एका अंगाला धाराशिव आहे, ज्या शहराने शतकाहून अधिक काळ एका निजामाचे नाव वागवले. दुसऱ्या अंगाला, सीना नदीच्या वरच्या बाजूला, जामखेड तालुक्यातले चौंडी आहे, जिथे अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. दोघांच्याही नावाने माणसे गहिवरली. दोघांच्याही हाती अफाट खासगी उत्पन्न होते. आणि तरीही त्या दोन जयजयकारांचे मोल सारखे नाही, असे माझे मत आहे.

आधी त्या शहराच्या नावाचीच गोष्ट पाहू. जिल्ह्याचे जुने नाव नळदुर्ग. १९०८ साली छापलेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये तो जिल्हा उस्मानाबाद म्हणून आलेला आहे. ज्याच्यावरून हे नाव पडले तो मीर उस्मान अली खान गादीवर बसला १९११ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे धाराशिवचे उस्मानाबाद झाले तेव्हा हा माणूस विशीच्या आगेमागे असलेला राजपुत्र होता. त्याने ना तळे बांधले होते, ना शाळा काढली होती, ना कुणाला न्याय दिला होता. राजाच्या पोटी जन्म घेणे एवढी एकच कामगिरी त्याच्या नावावर जमा होती. एका संबंध जिल्ह्याची ओळख तेवढ्यावर बदलली गेली. कौतुक आधी आणि कर्तृत्व मागाहून, अशी ही राजघराण्यांची उलटी रीत आहे.

त्याच्या वडिलांच्या बाबतीत ती आणखी ठळक दिसते. मीर महबूब अली खान गादीवर आला १८६९ साली, तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. पुढे त्याच्याविषयी हैदराबादेत अशी श्रद्धा पसरली की, साप चावलेल्या माणसाने महबूब पाशाची दुहाई दिली तर विष उतरते. लोक त्याच्याकडे सर्पदंशाचे रोगी नेत. ज्या राज्यात गावोगाव दवाखाने नव्हते त्या राज्यात राजाचे नाव हेच औषध झाले, ही गोष्ट राजाच्या थोरवीपेक्षा रयतेच्या अडचणीबद्दल अधिक सांगते. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादेत हजारो माणसे वाहून गेली, तेव्हाही लोकांनी याच राजाभोवती दंतकथा रचल्या. संकटात माणसाला कुणाचा तरी आधार हवा असतो. समोर राजा असेल तर तो आधार राजाच्या नावाने जमा होतो.

परंड्याला हे जुनेच होते. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सगळ्यांना वाटले. त्या वेळी मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने, जो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता, निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला आणि दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परंड्यात त्याच्या डोक्यावर छत्र धरले. काही वर्षे परंडा राजधानी झाली. तिथे मुजरे झाले ते मुर्तजाला. मोगलांशी गनिमी काव्याने लढला तो मलिक अंबर, आणि जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली तीही मलिक अंबरने. दख्खनेत 'मलिकंबरी' धाऱ्याची आठवण पुढे कित्येक पिढ्या टिकली. मुर्तजा दुसरा कोण, हे आज परंड्यातल्या शाळकरी मुलालाही विचारून उपयोग नाही. रयत मुजरा गादीला करते, पण आठवण धाऱ्याची ठेवते; तिला सवड मिळाली म्हणजे तिचा निवाडा बहुधा बरोबर असतो.

तिला सवड मिळत नसे, हा खरा प्रश्न होता. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी हैदराबादच्या निजाम अलीचा पराभव केला. खर्डा म्हणजे परंड्याच्या शेजारचाच मुलूख. तहात निजामाने परंड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा प्रदेश मराठ्यांना लिहून दिला. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, पेशवाईत वारसाचा घोळ सुरू झाला आणि आपली बाजू सावरण्यासाठी नाना फडणविसांनी निजामाशी नवे संधान बांधले. मिळालेल्या मुलखातला बराचसा भाग परत निजामाकडे गेला. परंड्याच्या शेतकऱ्याने एक-दोन वर्षांत दोन धन्यांच्या नावाने जोहार घातला असेल, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी विचारले नाही. अशा जोहारातून लोकांचे प्रेम वाचायला बसणारा इतिहासकार फसतो.

खर्ड्याच्या लढाईनंतर पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला, महेश्वरात अहिल्याबाई वारल्या. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही मुलगी. जन्म १७२५ चा. होळकरांच्या घरात लहानपणी सून म्हणून गेली, १७५४ साली कुम्हेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडला, १७६६ त सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. तिथून अठ्ठावीस वर्षे माळव्याचा कारभार तिने पाहिला. फौज तुकोजी होळकरांकडे होती. वसूल, न्याय, कोश तिच्याकडे.

अहिल्याबाईंबद्दलची भक्ती इतकी ओथंबलेली आहे की, तिच्यातून माणूस शोधणे कठीण जाते. म्हणून मी एका परक्या माणसाची साक्ष काढतो. जॉन माल्कम हा इंग्रज सेनानी. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्यांत तो होता. पुढे माळव्याचा कारभार पाहताना त्याने अहिल्याबाईंच्या काळातल्या माणसांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात ती छापली. हा काळ नीट ध्यानात घ्यावा. बाई जाऊन पंचवीस वर्षे झालेली. होळकरांचे राज्य हरलेले, त्यांच्या घराण्याची स्तुती करून कुणाच्या पदरात काही पडण्यासारखे नव्हते, आणि ऐकणारा तर जेत्यांपैकी. अशा वेळी शेतकऱ्याने, सावकाराने, ब्राह्मणाने, मुसलमानाने एकसारखेच सांगावे की तसे राज्य पुन्हा पाहिले नाही, तर ती साक्ष मी जड मानतो. माल्कमला हे सारे ऐकताना संशय आला होता. इतके गुण एका माणसात कसे, म्हणून त्याने पुन्हा पुन्हा चौकशी केली, आणि जितकी चौकशी केली तितका त्याचा आदर वाढला. पेशव्यांइतकाच मान तिला निजाम आणि टिपूही देत, आणि तिच्या आयुष्यासाठी हिंदूंबरोबर मुसलमानही प्रार्थना करत, ही त्याने नोंदवून ठेवलेली एका ब्राह्मणाची साक्ष आहे.

तिचे काम तरी काय होते? रोज उघड्या दरबारात बसून तक्रारी ऐकणे. सारा बेताचा ठेवणे. गावच्या वतनदारांच्या, जमीनधारकांच्या जुन्या हक्कांना हात न लावणे. इंदूरचा एक सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा तुकोजींना त्याच्या संपत्तीत हिस्सा हवा होता. त्या काळी ही रीतच होती. मेलेल्या सावकाराची पेढी म्हणजे सरकारला चालून आलेली संधी. सावकाराच्या बायकोने बाईंकडे धाव घेतली. बाईंनी तुकोजींना इंदुरातून मुक्काम हलवायला लावला आणि विधवेची मालमत्ता विधवेकडे राहिली. आपल्याच सेनापतीला आवरणे हे काशीचे देऊळ बांधण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि मला त्या देवळापेक्षा या प्रसंगात अहिल्याबाई अधिक मोठ्या दिसतात.

देवळांचा खर्चही कुठून झाला ते पाहिले पाहिजे. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर लावून दिली होती. होळकरांच्या दौलतीच्या उत्पन्नापासून ती वेगळी. सासूच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर, वाटांवरच्या धर्मशाळा, नद्यांचे घाट, विहिरी यांचा पैसा मुख्यतः या खासगीतून गेला. राज्याच्या तिजोरीचा पैसा राज्यासाठी आणि स्वतःच्या हक्काचा पैसा परमुलखातल्या वाटसरूंसाठी, अशी त्यांची वाटणी होती. ज्या काशीवर त्यांची सत्ता नव्हती, जिथून एक रुपया वसूल यायचा नव्हता, तिथे त्यांनी बांधकाम केले.

आणि तरीही त्या निर्दोष देवता नव्हत्या. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांनी कठोरपणे मोडले. लुटारू भिल्लांच्या काही म्होरक्यांना देहांत शिक्षा दिल्या, मग त्यांच्याशी जुळते घेऊन वाटेवरचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. १७९१ साली जावई वारल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने गयावया केली, पण राज्याची सर्वसत्ताधारी असूनही ती थांबवू शकली नाही. १७९३ त लाखेरीला शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे होळकरांची फौज कोसळली, आणि नव्या प्रकारच्या सैन्याकडे बाईंच्या राज्यात पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते हे उघड झाले. या गोष्टी सांगितल्याने त्यांची उंची कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांना त्यांची उंची कशात होती हे कळलेले नाही.

माल्कमनेच सांगितलेली आणखी एक गोष्ट. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून त्यांच्यापुढे वाचला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. राजदरबारातल्या स्तुतीचा धंदा कसा चालतो हे ठाऊक असलेल्या बाईने तो धंदा आपल्या दारात तरी बसू दिला नाही.

आता निजामाकडे येतो. मीर उस्मान अली खानच्या खात्यावर जे चांगले जमा आहे ते आधी पूर्ण मांडतो, कारण मराठवाड्यात ते सांगायला माणसे कचरतात. मुसीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेवरून उस्मानसागर १९२० त आणि हिमायतसागर १९२७ त पुरा झाला. हैदराबाद पुरापासून वाचले आणि त्याला पिण्याचे पाणी मिळाले. उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. १९१८ त उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे वैद्यक, अभियांत्रिकीसकट सगळे शिक्षण उर्दूतून दिले गेले. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा इतका मोठा प्रयोग तेव्हा हिंदुस्थानात दुसरा नव्हता. १९१४ पासून राज्याचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानींच्या हाती होते. अजिंठ्याची चित्रे वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतली निजाम अतिथिशाळा त्याच्याच देणगीची आहे, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही त्याने साहाय्य दिले. हे सारे खरे आहे, आणि ते नाकारणारा माणूस हिशेबाच्या वहीतली पाने फाडतो.

पण त्याच वहीत पुढे वाचावे लागते. उस्मानसागर, हिमायतसागर, निजामसागर हे तिन्ही जलाशय तेलंगणात. मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात त्या तोडीचे एकही धरण त्या राजवटीत झाले नाही. राज्यातली सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी आणि चौथा हिस्सा मराठी, तरी विद्यापीठाची आणि कचेरीची भाषा उर्दू. परंड्याच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घ्यायला माणूस शोधावा लागे. त्याच काळात बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. तेही राजेच होते, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले शेतकऱ्याचे पोर. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. दोघांवरही हयातीत सडकून टीका झाली, वर्तमानपत्रांतून झाली, उघड झाली. त्या टीकेतून पार होऊन जो आदर उरला तो पक्का आहे.

हैदराबाद राज्यात टीकेला वावच नव्हता. गश्ती निशाण ५३ या परिपत्रकाने परवानगीवाचून सभा घेणे अशक्य करून ठेवले होते. खासगी शाळा काढायची तर आधी सरकारची मंजुरी. उस्मानाबाद जिल्ह्यातल्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून शेकडोंना काढून टाकले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. अशा राज्यात १९३७ च्या फेब्रुवारीत निजामाचा रौप्यमहोत्सव झाला. खरे तर तो १९३६ चा, पण पंचम जॉर्ज वारल्यामुळे पुढे ढकललेला. इंग्रज बादशहाचे सुतक पाळून मग आपल्या पंचवीस वर्षांचा आनंद करायचा, यातच या सिंहासनाची सारी हकीकत आली. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून छापले. लिंबाएवढा हिरा तो कागदावर दाबून ठेवायला वापरतो, जुनी फेज टोपी घालतो, स्वस्त सिगारेट ओढतो, अशा कथा जगभर चवीने वाचल्या गेल्या. राजाची श्रीमंती आणि राजाचा साधेपणा, दोन्ही लोकांना सारख्याच भुलवतात. मग ती श्रीमंती आली कुठून हे विचारायचे राहून जाते.

ती आली जमिनीतून. राज्याच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा सर्फेखास, म्हणजे निजामाची वैयक्तिक मालमत्ता होता. तिचा वसूल राज्याच्या खजिन्यात जात नसे, थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जाई. उस्मानाबाद जिल्ह्यातलाही काही मुलूख सर्फेखासमध्ये होता. सुमारे तीस टक्के जमीन जहागिरदारांकडे. उरलेल्यावर सरकार चालायचे. शिवाय दरबारात जाणाऱ्या प्रत्येकाने नजर पेश करायची, सोन्याची अशरफी आणि वर रुपये. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना त्याने इतका पैसा पुरवला की त्यांच्या विमानदलाच्या ११० व्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले, आणि निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा दुसऱ्या कुठल्याही संस्थानिकाला न मिळालेला किताब. होळकरांची खासगी आणि निजामाचे सर्फेखास या व्यवस्था एकाच जातीच्या होत्या. एकीचा पैसा वाटसरूंच्या विहिरींत उतरला. दुसरीतून देणग्या गेल्या हे खरे, पण साठा वाढतच गेला, आणि ज्या रानातून तो आला त्या रानाला त्यातले फारच थोडे परत मिळाले.

मग १९४७ उजाडले. परंडा तालुक्याच्या तीन बाजूंना बार्शी, माढा, करमाळा, जामखेड. तिथे स्वातंत्र्य आले. इकडे निजामाने स्वतंत्र राहायचे ठरवले, नोव्हेंबरात भारत सरकारशी जैसे थे करार केला आणि आपल्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र टोळ्यांना मोकळे सोडले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. सरहद्दीवरची माणसे घरेदारे सोडून बार्शी, सोलापूरकडे गेली. 'इमरोज' पत्राचा संपादक शोएबउल्ला खान याने भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ त हैदराबादेत त्याचा खून झाला. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौजा निघाल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. २३ तारखेला त्याने रेडिओवर भाषण केले आणि रझवीच्या टोळीने आपल्याला असहाय करून सोडले होते असे सांगितले.

त्याच्या नावावरच्या भक्तीची खरी किंमत यानंतर चुकवली गेली, आणि ती त्याने चुकवली नाही. भारतीय फौजांच्या या कारवाईपाठोपाठ, जिला 'पोलीस कारवाई' म्हटले गेले, मुसलमान रयतेवर सूडाचे हल्ले झाले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्या वर्षअखेरीस पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागल्याचे तिने नोंदवले आणि एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. आधी हिंदू शेतकऱ्यांची घरे जळली, मग मुसलमान विणकऱ्यांची, तेल्यांची, शेतमजुरांची. ज्यांनी कधी दरबार पाहिला नव्हता त्यांनी दरबाराचे देणे फेडले. निजाम १९५० च्या २६ जानेवारीला हैदराबादचा राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत राहिला, आणि वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखा त्याला मिळत राहिला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे. राजावरचे प्रेम नेमके इथे घात करते: त्याच्या वाट्याची शिक्षा ते दुसऱ्याकडे वळवते. असहाय होतो, असे राजा म्हणाला की लोक हळहळतात. शेतमजुराला ते म्हणायलाही जागा नसते.

२४ फेब्रुवारी १९६७ ला तो वारला, तेव्हा हैदराबादेत अंत्ययात्रेला अलोट गर्दी लोटली. तिला कुणी बोलावले नव्हते, राज्य जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. ती माणसे खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्या शहराने त्याचे रुग्णालय, त्याचे पाणी, त्याच्या कचेऱ्यांतल्या नोकऱ्या घेतल्या, त्या शहराला तो वारल्याचे दुःख झाले. हैदराबादच्या माणसाला ते दुःख करण्याचा अधिकार आहे. फक्त ते संबंध राज्याचे दुःख म्हणून सांगितले जाते, तिथे परंड्याने हात वर करून बोलले पाहिजे.

दंतकथा मात्र मरणानंतर अधिकच फोफावली. १९६५ च्या युद्धाच्या वेळी निजामाने देशाला पाच हजार किलो सोने दान दिले, ही गोष्ट आजही हातोहात फिरते. माहितीच्या अधिकारात पंतप्रधान कार्यालयाला विचारले तेव्हा अशा दानाची नोंद निघाली नाही. झाले होते ते असे: त्याने सुमारे ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले होते, साडेसहा टक्के व्याजाने. देशाच्या अडचणीच्या वेळी सोने रोख्यांत घालणे हे चांगलेच काम. पण गुंतवणुकीचे दान होते आणि ४२५ चे ५,००० होतात, ते राजाचे नाव मध्ये आले म्हणून. साध्या व्यापाऱ्याने तेवढेच रोखे घेतले असते तर त्याच्या नातवंडांनाही ते आठवले नसते.

आता २०२३ पासून शहर आणि जिल्हा पुन्हा धाराशिव आहेत. शेजारचा अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर आहे. अहिल्याबाईंच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. मला या नामांतरांत एक भीती वाटते. स्तुतीचा ग्रंथ नर्मदेत टाकणाऱ्या बाईंचे नाव आता फलकांवर, मंडपांवर, भाषणांत इतके घेतले जाते की, विधवेच्या पेढीला हात लावू पाहणाऱ्या आपल्याच सेनापतीला त्यांनी कसे परतवले हे सांगायला वेळ उरत नाही. हातात पिंड, डोक्यावर पांढरा पदर, एवढेच चित्र मुलांपुढे येते. त्यांचा जयजयकार ज्या कारभारामुळे रास्त ठरला, तो कारभार मागे पडून नुसता जयजयकार उरला, तर उस्मानाबादचे नाव ठेवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहील? चौंडीच्या आणि सोनारीच्याही शाळेत खासगीचा जमाखर्च शिकवावा, असे मला मनापासून वाटते. कुठून आले, कुठे गेले, कुणासाठी गेले.

निजामाच्या जमाखर्चाचे एक पान अगदी अलीकडे उलटले गेले. २० सप्टेंबर १९४८ रोजी, शरणागतीनंतर तीन दिवसांनी, त्याच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतले दहा लाखांवर पौंड पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले. निजामाने ते परत मागितले आणि वाद सत्तर वर्षे चालला. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंड झाली होती. पाकिस्तानचा दावा फेटाळला गेला. पैसा भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्याकडे आला. दावेदार एवढेच होते. ज्या रानांतून तो पैसा मुळात उचलला गेला, त्या परंडा-कळंब-तुळजापूरच्या रयतेचे नाव त्या निकालात कुठेही नाही.